बारशाचा गहू

स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, पिठाच्या डब्यांमागे, मी दोन डबे लपवले होते. एकात बन्सी गहू होता, बारशाच्या घुगऱ्यांसाठी भावानं तिवशाहून मुद्दाम पाठवलेला. दुसऱ्यात बाळंतिणीच्या लाडवांचं सामान: खारीक, बदाम, गोडंबी, मनुका. लेक पहिल्या बाळंतपणाला अमरावतीला माझ्याकडे आली होती. आठव्या महिन्यातच मुलगी झाली, पण ती रडली नाही.

बाळ नसलं तरी बाळंतीण असतेच, तिला लाडू हवेतच, हे मला कळत होतं. पण कढई चढवायला हात उठला नाही. त्याची टोचणी अजून आहे.

दोन महिने लेक भिंतीकडे तोंड करून पडायची. भेटायला येणाऱ्या बाया म्हणायच्या, ‘‘वय हाय अजून, होईन दुसरं.’’ एकीला तर मी दारातूनच वाटेला लावलं. माझी जीभ मुळातच तिखट, त्या दिवसांत तिला धरबंदच राहिला नव्हता. लेकीसमोर मात्र तीच जीभ टाळ्याला चिकटायची. त्या मुलीबद्दल आम्ही दोघी एक अक्षर बोललो नव्हतो.

एका सकाळी मी भाजी घेऊन आले तर कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या. ओट्यावर दोन्ही डबे उघडे. आदल्या दिवशीच तिनं गुपचूप गहू भिजत घातला होता.

‘‘हे काहून काढलं वं?’’ मी ओरडलेच.

‘‘सॅलड करून राहिली,’’ ती म्हणाली. ‘‘तू लपवून ठेवलं होतं, मले मालूम होतं.’’

पुण्याला नोकरी लागल्यापासून ती असलं काहीबाही खायची. सॅलड म्हणजे उपाशी राहायची तालीम, असं मी तिला चिडवायची. त्या दिवशी मात्र पिशवीतून कोथिंबीर आणि पुदिना काढून तिच्यापुढे ठेवला.

तिनं शिजलेला गहू ताटात पसरून गार केला. बदाम आणि गोडंबी तव्यावर भाजली. मी खारकेच्या बिया काढून बारीक तुकडे केले; अडकित्ता घसरून बोटाला लागला, तरी थांबले नाही. त्यात मनुका, चिरलेली कोथिंबीर, पुदिना पडला. वरून एका संत्र्याचा रस पिळून तिनं मीठ आणि मिरपूड घातली आणि हातानंच कालवलं. दोन वाट्या भरल्या.

गहू छान फुलला होता. पुदिना असो की संत्रं, दाताखाली आल्या त्या घुगऱ्याच. आमच्याकडे मोठी माणसं लहानांना दटावतात, तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्या आहेत मी. हे वाक्य मला एका पोरीला ऐकवायचं होतं. तिनं कमरेवर हात ठेवून उलट उत्तर द्यावं आणि मी तिला हे ऐकवावं, एवढीच माझी हौस होती. घास तोंडात असतानाच मी रडायला लागले. इतके दिवस लेकीसमोर रडायचं नाही असं ठरवलेलं, ते तिथंच संपलं.

ती रडली नाही. माझ्या वाटीत आणखी एक चमचा वाढत म्हणाली, ‘‘आई, घुगऱ्या खाल्ल्या न तू? मंग नाव नाही इचारत?’’

खरंच, घुगऱ्या हातात पडल्या की बाई आधी तेच विचारते. आणि आमच्या घरी येऊन गेलेल्या एकीनंही ते विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

मी कसंबसं विचारलं, ‘‘काय ठेवलं माय नाव?’’

ती माझ्या कानाशी वाकली आणि तिनं सांगितलं. तेव्हा कुठे तिचा बांध फुटला.

ते नाव मी इथे लिहीत नाही. त्या घुगऱ्या आम्ही दोघींनीच खाल्ल्या होत्या.