पायांकडे बघणारे सर

‘समजलं का?’ हा प्रश्न आयुष्यात एकदाही न विचारता निवृत्त झालेला शिक्षक अख्ख्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि तो रत्नागिरीत आम्हाला भूगोल शिकवायला होता. बाकीचे सर आणि बाई धडा संपला की हा प्रश्न विचारत, आम्ही बेचाळीस जण एका सुरात ‘होऽऽ’ म्हणून ओरडत असू, आणि दोन्ही बाजू समाधानानं मधल्या सुट्टीला मोकळ्या होत. भूगोलाच्या सरांना मात्र त्या ‘हो’ची धास्ती होती. कोणी आपणहून ‘समजलं सर’ म्हटलं, की ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्या रोग्याकडे डॉक्टर बघतो तसे ते त्याच्याकडे बघत. “समजलं? इतक्यात? मला बाबा पंचवीस वर्षं शिकवून अर्धंच समजलंय. ये, खडू घे, उरलेलं मला सांग.” एवढं बोलून ते खरोखरच त्याच्या बाकावर जाऊन बसत, आणि विद्यार्थी म्हणून इतके ढ वागत की फळ्यापाशी उभा राहिलेला घामाघूम होई. वर्गातल्या एका वकिलांच्या मुलानं एकदा खारे वारे आणि मतलई वारे घडाघडा सांगितले. सर बाकावरून हात वर करून म्हणाले, “पण गुरुजी, वाऱ्याला कसं कळतं की संध्याकाळ झाली, आता परत फिरायचं?” मुलगा पुढे वकीलच झाला. अशी उलटतपासणी कोर्टातसुद्धा कधी सोसली नाही, असं तो अजून सांगतो.

सर शिकवताना आमच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत. बघायचे पायांकडे. चपला वर्गाबाहेर काढायची पद्धत होती, त्यामुळे बेचाळीस जोड पाय त्यांच्यासमोर उघडे असत. “तोंडाला शाळेत येऊन खोटं बोलायची सवय लागते. पायांना कोणी शिकवत नाही,” असं त्यांचं म्हणणं. ज्याला धडा कळला नाही त्याच्या पायाची बोटं आत वळतात, हा त्यांचा शोध होता, आणि सांगायला लाज वाटते, पण तो खरा होता. वाकून बाकांखाली बघत त्यांची फेरी चालायची. एकदा तपासणीला आलेले साहेब दारात उभे राहिले आणि त्यांना सरांची फक्त पाठ दिसली. साहेबांनी विचारलं, “काही हरवलंय का?” सर बाकाखालूनच म्हणाले, “हो, अक्षांश. तिसऱ्या बाकापर्यंत होते.”

कधी ते मुद्दाम चुकीचं शिकवत. एकदा फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘रत्नागिरीत सूर्य अरबी समुद्रातून उगवतो.’ आमच्या वर्गाच्या खिडकीतून समुद्र दिसायचा. रोज संध्याकाळी त्यात सूर्य बुडताना आम्ही बघत होतो. तरी बेचाळीस वह्यांमध्ये ते वाक्य उतरलं, आणि मी तर त्याखाली पट्टीनं लाल रेघही मारली. सरांनी खडू ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. मग फार हळू म्हणाले, “अरे, निदान खिडकीला तरी विचारायचं.”

शाळेबाहेरही त्यांना ही खोड होतीच. डॉक्टरांनी गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगितलं, की सर ते सगळं त्यांना परत म्हणून दाखवत, आणि वर विचारत, “आता तुम्ही सांगा, मला काय समजलं असं तुम्हाला वाटतं?” बाहेर रोग्यांची रांग दारापर्यंत आलेली असे. शेवटी कंपाउंडरनं त्यांचा नंबर नेहमी सगळ्यात शेवटी लावायची प्रथाच पाडली.

पण त्यांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे शनिवारची वही. आठवड्यात शिकवलेलं काहीतरी घरातल्या अशा माणसाला समजावून सांगायचं, ज्याला ते माहीत नाही. आणि सोमवारी त्या माणसानं विचारलेला प्रश्न लिहून आणायचा. उत्तर नको, फक्त प्रश्न. “माणूस प्रश्न विचारतो तेव्हाच कळतं की तुम्ही सांगितलेलं त्याच्यापर्यंत पोचलं,” ते म्हणायचे. कोणी आजोबांचा प्रश्न आणी, कोणी धाकट्या बहिणीचा. सर चांगले प्रश्न वर्गात मोठ्यानं वाचत. त्यात सगळ्यात जास्त वेळा वाचला जायचा तो माझ्या आईचा.

आता खरं सांगते. माझी आई मासळी बाजारात मासे विकायची. पहाटे बंदरावर लिलावाला जायची, तिथून टोपली घेऊन बाजारात. शाळेत ती गेलेली नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, पदवीचा फोटो आजही दर्शनी भिंतीवर आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, तो मी लपवत नाही. पण तेव्हा नववीत मी दुसरंच लपवत होते. वर्गात मी सांगितलं होतं की आई घरीच असते. माझा गणवेश मी स्वतः धुवायची, दोनदा, आणि दप्तर खिडकीत टांगायची, म्हणजे वास लागायला नको. पहिल्या शनिवारी आईनंच विचारलं होतं, “काय लिवतंस गो?” मी म्हटलं, “तुला नाय कळायचं.” आणि वहीत ‘आईचा प्रश्न’ असं शीर्षक देऊन प्रश्न मीच लिहिला. त्यानंतर दर शनिवारी मीच लिहीत गेले. छान, नीटनेटके प्रश्न. सर वाचत आणि म्हणत, “तुझ्या आईंना माझा नमस्कार सांग.” वर्षभरात त्यांनी कितीतरी नमस्कार दिले. मी एकही पोचवला नाही.

एका रविवारी मावशी आजारी होती म्हणून मी आईच्या मदतीला बाजारात बसले होते. बघते तर ओळींमधून सर येताहेत. पँट घोट्याच्या वर दुमडलेली, हातात रिकामी कापडी पिशवी, आणि चेहरा परदेशी आल्यासारखा, कारण सर माळकरी, मासळी बाजारात त्यांनी जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. प्रत्येक बाईपाशी थांबून ते माझं नाव सांगत होते आणि विचारत होते, “हिच्या आई कुठं बसतात?” ‘घरीच असते’ म्हणून मी सांगितलेली आई त्यांनी कुठून शोधून काढली, देव जाणे. मी उठले आणि आईच्या मागे बर्फाच्या मोठ्या पेटीआड जाऊन बसले.

“या मास्तर. बांगडे बघा, आताच उतरलेत,” आई म्हणाली.

“मासे नकोत. मी तुमच्या मुलीला भूगोल शिकवतो. तुमचे प्रश्न इतके छान असतात, म्हटलं एकदा भेटून यावं.”

“माजे प्रश्न?” आई हसली. मग घाबरली. “काय केलंन काय पोरीनं?”

“काही नाही. शनिवारी ती तुम्हाला धडा सांगते ना?”

“मला? मला कोन सांगतंय? मला काय कळतंय त्यातलं!”

पेटीआड मला माझाच श्वास ऐकू येत होता.  तेवढ्यात आईनं पायानं एक ओलं गोणपाट मागं सारलं, माझ्या अंगावर. तेव्हा मला कळलं की माझा एक पाय पेटीबाहेर राहिला होता.

“पोरगी घरी हाय,” आई म्हणाली. “अभ्यास करते. लय करते.”

“करते, करते,” सर म्हणाले. मग त्यांनी एक पालथा क्रेट ओढला आणि त्यावर बसले. “मग मीच सांगतो. परवा वर्गात भरती-ओहोटी शिकवली. तुम्हाला कळते का बघा.” शेजारणीच्या टोपलीतला एक पापलेट उचलून त्यांनी चंद्र केला, मासे विकत न घेता. आईच्या पाण्याच्या घमेल्याची पृथ्वी केली. चंद्र पाणी आपल्याकडे ओढतो, ओढलेलं पाणी फुगतं, ती भरती, असं सांगत पापलेट घमेल्यावर फिरवत राहिले. गिऱ्हाईकं खोळंबली. शेजारीण ओरडली, “मास्तर, चांद खाली ठेवा, नासल!” आई मात्र कोयता हातात तसाच धरून ऐकत होती. आणि म्हणाली, “पन मास्तर, चांद दिसातनं येकदाच डोक्यावर येतो. भरती दोनदा येते. मग दुसरी कोन वडतं?”

 सरांनी पापलेट परत टोपलीत ठेवला. म्हणाले, “बाई, माझ्या वर्गात बेचाळीस मुलं आहेत. हे कोणीच विचारलं नाही.” मग त्यांनी अर्धा डझन बांगडे घेतले, जे पुढे शाळेच्या शिपायाच्या घरी गेले, आणि निघाले. मीही तो धडा तोंडपाठ केला होता. दोन भरतींमधले तास आणि मिनिटंसुद्धा मला येत होती. भरतीच्या वेळा बघून बोटी जाणाऱ्या घरात मी वाढले होते. दुसरी कोण ओढतं, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

सोमवारी सरांनी तो प्रश्न फळ्यावर लिहिला. “एका बाईंनी विचारला आहे,” एवढंच म्हणाले. “कोणाला ठाऊक आहे, या बाई कोण?”  सर थांबले. खिडकीतून बाहेर बघत, खडू बोटांत फिरवत, खूप वेळ थांबले. मला फक्त उभं राहून चार शब्द म्हणायचे होते: माझ्या आईनं विचारलाय, सर. शेवटी त्यांनी माझ्या बाकाखाली बघितलं. फक्त एकदा. आणि उत्तर समजावून सांगायला लागले. मी खाली मान घालून लिहून घेतलं. शनिवारची वही तपासून आली तेव्हा शेवटच्या पानावर त्यांचं बारीक अक्षर होतं: ‘यातला प्रत्येक प्रश्न उत्तर आधीच माहीत असलेल्या माणसाचा आहे.’ खाली सही. त्या दिवसानंतर त्यांनी माझ्याकडे नमस्कार दिला नाही.

आज मीही भूगोलच शिकवते, लांज्याजवळच्या एका शाळेत. वर्गात मोठा टीव्ही आहे. धडा संपला की मी विचारते, ‘समजलं का?’ मुलं ‘होऽऽ’ म्हणतात आणि मी तक्त्यात बरोबरची खूण करते. वर्गात आता बूट घालूनच बसतात, पाय दिसत नाहीत, हे मी स्वतःला कारण म्हणून सांगते. गेल्या वर्षी सर गेले. मला आठवड्यानं कळलं. निवृत्तीनंतर ते माझ्यापासून दहा किलोमीटरवर राहत होते आणि मी एकदाही गेले नव्हते.

ते कळलं त्या संध्याकाळी आई ओट्यावर कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडत बसली होती. आता तिचे गुडघे धरतात, बाजार सुटला आहे. मी तिच्यासमोर बसले, पाण्याची पातेली घेतली, एक लिंबू घेतलं, आणि सांगायला सुरुवात केली. चंद्राजवळचं पाणी ओढलं जातं. मधली पृथ्वी त्याहून थोडी कमी ओढली जाते. आणि पलीकडचं पाणी सगळ्यात कमी ओढलं जातं, म्हणून मागे राहतं आणि तेही फुगतं. ती दुसरी भरती. ती कोणी ओढत नाही. आई हात थांबवून शेवटपर्यंत ऐकत होती. 

“कळलं?” मी विचारलं. जिभेवरची सवय, दुसरं काय.

“मास्तरांनी सांगितलंय मला,” आई म्हणाली. “दुसऱ्या आयतवारी परत आले व्हते, त्यासाठीच. मागं रवलेल्या पान्यालाबी भरती येते, असं बोल्ले.” मग कोलीम पुढं ओढत, सहज म्हणाली, “मला ठावं व्हतं. तू कदी सांगतंस, म्हणून गप व्हते.”

मी म्हटलं, “आये, सरांनी तुला नमस्कार सांगितलाय.”

“कदी?”

 मी खाली बघितलं. जमिनीवर, लिंबाशेजारी, माझ्या पायाची बोटं आत वळलेली होती.