सुई ओवता येते ना!

काकूंनी केलेलं रफू कुणी शोधून दाखवावं, असं खालचा शिंपी गिऱ्हाइकांना पैजेवर सांगायचा. कोटाला भोक उंदराने पाडलेलं असो की सिगारेटने. काकू त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे काढायच्या आणि खिडकीशी बसून भोक असं विणून टाकायच्या, की कापडालाही जखम आठवू नये. लग्न होऊन आल्यापासून हेच काम, हीच खिडकी.

टाक्यांकडे बघून बघून डोळे चुरचुरायचे, लाल व्हायचे. काकांचा मोतीबिंदू काढला तेव्हाचे थेंब घरात उरले होते. काकूंनी ते घालून पाहिले, आणि लाली गेली की! मग बाटली संपली की रिकामी बाटली औषधाच्या दुकानात दाखवायची आणि तश्शीच दुसरी आणायची.

"एकदा डॉक्टरला दाखव गं," काका म्हणायचे.

"कशाला? पहिल्या फटक्यात सुई ओवते मी. डोळ्यांना काय धाड भरलीय?"

पुढे दाराच्या चौकटी खांद्याला लागायला लागल्या. स्टूल वाटेत ठेवलं म्हणून काकांनी बोलणी खाल्ली. शिंपी एकदा कोट घेऊन बाजूला ताटकळला आणि शेवटी खाकरून म्हणाला, "काकू, रुसलात का माझ्यावर?" काकूंना शिष्टपणा आलाय, अशी कुजबुज गल्लीत सुरू झाली.

ती ऐकून धाकटी नणंद तणतणत आली.

"वहिनी, काल रस्त्यात तुमच्या शेजारून चालत होते मी. हात केला, तर मान वळवली नाहीत! काय चुकलं माझं?"

"शपथ घेते वन्सं, मी पाहिलंच नाही तुम्हाला!"

"डोळे शाबूत आहेत ना?"

"हे काय, आत्ताच सुई ओवली."

नणंदेने काकूंच्या डाव्या कानापाशी हात नेऊन बोटं नाचवली. "सरळ समोर बघा. काही दिसतंय?"

"काय दिसायचंय?"

नणंदेचा राग तिथेच उतरला. तिने उजवीकडेही बोटं नाचवून पाहिली आणि काकांना हाक मारली, "दादा, चपला घाल."

डॉक्टरांनी थेंबांची बाटली पाहिली आणि कपाळाला हात लावला. "हे ऑपरेशननंतर थोडे दिवस घालायचं औषध. याने लाली जाते, पण कित्येकांच्या डोळ्यांतला दाब वाढतो. दुखत नाही, खुपत नाही. कडेची नजर मुकाट्याने जाते, मधली शेवटपर्यंत राहते. म्हणून सुई ओवता आली."

काकूंनी विचारलं, "माझं रफू?"

"वेळेवर आलात. गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं सांभाळता येईल. हे थेंब आजपासून बंद. मी देतो ते नेमाने घाला आणि सांगेन तेव्हा तपासायला या. रफू खुशाल करा."

नणंद औषध घ्यायला थांबली, काकू पायऱ्या उतरल्या. काका सवयीने चार पावलं पुढे निघाले होते.

"अहो, थांबा. तुम्ही आता माझ्या डावीकडून चालायचं."

काका मागे आले आणि त्यांनी काकूंचा दंड धरला. बायकोच्या बरोबरीने चालायची सवय नव्हती, त्यामुळे आधी दोघांचे पाय अडखळले. मग काका रंगात आले. "खड्डा आहे. सायकल येतेय. आणि डावीकडे शिंपी उभा आहे, हात करतोय."

"मग हसू का?"

"हस की! पण आधी तोंड त्याच्याकडे कर."