भावोजी आणि पन्नासाच्या पुढचे आकडे

अख्ख्या रायगड जिल्ह्यात नियम आवडीने वाचणारा एकच माणूस असेल, आणि माझ्या बहिणीने नेमकी त्याच्याच गळ्यात माळ घातली. पोलादपूरच्या कचेरीत भावोजींनी कारकुनी केली, तेव्हा ते कामाचा भाग म्हणून वाचत असतील असं आम्हाला वाटायचं. निवृत्तीनंतर हा भ्रम फिटला. कुकर आणला तर अक्का डाळ धुऊन खोळंबलेली आणि हे सोबतची पुस्तिका वाचताहेत. एकदा वीर स्टेशनवर फलाटावरच्या सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचता वाचता त्यांनी समोरची गाडी सोडली होती, आणि वर मलाच म्हणाले, "वाचायला नाय तर लिवतात कशाला?"

त्यांची छोटी पांढरी मोटार पंचवीस वर्षांची. तिच्या काट्यावर आकडे होते एकशे चाळीसपर्यंत, पण भावोजींनी पन्नासाच्या पुढचे आकडे फक्त फडक्याने पुसले. आंबेनळी घाटात पाटीवर लिहिलेल्या वेगापेक्षा एक रेघ जास्त नाही आणि प्रत्येक वळणावर हॉर्न. मागे वाहनांची रांग लागायची, पोलादपूरच्या रिक्षासुद्धा आम्हाला ओलांडून जायच्या आणि आत बसलेला मी लाजेने पेपर तोंडासमोर धरायचो. पुढे गाडीची नोंदणी संपत आली. सुटे भाग मिळत नव्हते, तेव्हा मुदत संपली की ती भंगारात द्यायची, असं त्यांच्या मुंबईतल्या मुलाने आणि अक्काने ठरवलं. भावोजी फडकं घेऊन गाडी पुसायला गेले. मग एके दिवशी मला महाडला माझ्या घरी गाठून म्हणाले, "पंचवीस वर्सं मी तिला दाबून ठेवलीय रे. जायच्या आधी एकदा मोकळी सोडायची हाय. पन कायद्यात."

कायद्यात बसणारी जागा त्यांनीच शोधली. पुण्याकडचा एक मोटार क्लब बंदिस्त ट्रॅकवर हौशी लोकांना आपापली गाडी पळवू देत असे. नियमावली अठरा पानी. भावोजींनी ती पोथीसारखी लावली. नोंदणी चालू हवी, बॅटरी घट्ट बांधलेली हवी, तेल गळता कामा नये, गाडीत सुटी वस्तू नको, हेल्मेट हवं, अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा हवा. आणि शेवटी, गाडीत केलेला प्रत्येक बदल लिहून द्यावा. "अवो, वय काय तुमचं?" अक्काने विचारलं. "अठराच्या वर पायजे, येवढंच लिवलंय," भावोजी म्हणाले.

ठरल्या दिवशी ट्रॅकबाहेर तपासणीच्या रांगेत आमच्या पुढे जमिनीला टेकलेल्या, रंगीबेरंगी गाड्या. बदलांच्या रकान्यात बहुतेकांनी 'काही नाही' लिहिलेलं. तपासणारा तरुण शांतपणे वाकून बघायचा आणि कुणाचा सायलेन्सर, कुणाची बाहेर आलेली चाकं दाखवून गाडी परत पाठवायचा. मग आमची पाळी आली. भावोजींनी छापल्यासारख्या अक्षरात लिहिलेली एकतीस कलमांची यादी पुढे केली. त्याने ती अर्धा तास वाचली.

"काका, कलम नऊ. फणसाची पट्टी म्हणजे?"

"सीटखाली हाय. मी बुटका, समोरचं दिसत नाय. लाकूड फणसाचं, बोल्ट चार."

त्याने दोन्ही हातांनी सीट हलवून पाहिली. हलली नाही. मग त्याने ती यादी उंच धरून मागच्या सगळ्यांना दाखवली आणि म्हणाला, "अशी लिहून आणा." माझी छाती उगाचच फुगली.

पण ट्रॅकवर भावोजी पहिल्याच वळणाला हॉर्न वाजवत गेले. दुसऱ्या वळणाला वाजवला, तिसऱ्यालाही. ट्रॅकशेजारी खुणेसाठी उभ्या असलेल्या झेंडेवाल्याला काही समजेना, त्याने गाडी बाजूला घ्यायला लावली.

"हॉर्न कशाला, काका?"

"वळणापलीकडनं कोण आला तर?"

"इथे समोरून कुणी येतच नाही."

"कितवा नियम?"

त्याने खिशातून झेंडेवाल्यांसाठीच्या नियमांचं वेगळं पान काढून दिलं. भावोजींनी काच खाली करून ते दोनदा वाचलं, हेल्मेट सारखं केलं आणि निघाले. त्यानंतर हॉर्न ऐकू आला नाही. सरळ पट्ट्यावर ती पांढरी गाडी अशी काही सुटली की मी कठड्यावर चढून ओरडायला लागलो. परत पाठवलेली पोरंही टाळ्या वाजवत होती. वेळेच्या तक्त्यात भावोजी शेवटून पहिले आले, पण त्या दिवशी सगळ्यात जास्त जणांनी हात मिळवला तो त्यांच्याशीच. "काटा एकशे दहावर गेला," एवढंच ते मला म्हणाले.

मुदत संपली तसा भंगारवाला टेम्पो घेऊन आला. अक्काच डोळे पुसत आत गेली. मला वाटलं, भावोजी निदान पावतीवरच्या अटी तरी वाचतील. त्यांनी न वाचता सही केली.

"जाऊ दे रे," ते म्हणाले. "समोरनं कोण येनार नाय, असा रस्ता तिला एकदा तरी गावला."

टेम्पो वळणाआड जाईपर्यंत आम्ही दोघं रस्त्यात उभे राहिलो.