बगळ्याची खरी दिशा

चिखलात एका पायावर तासन्‌तास उभं राहून गळ टाकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, म्हणून सगळे त्याला बगळा म्हणायचे. होडी काढण्याआधी तो भरती-ओहोटी बघायचा, वारा बघायचा, पिण्याच्या पाण्याचा कॅन भरायचा. दलदलीत जाणाऱ्यानं कुठे जातोय ते घरी सांगून जावं, हा नियमही तो पाळायचा. फक्त सांगायचा ते धादांत खोटं. कारण मासे लागणारी जागा बायकोला कळली की तिच्या भावाला कळणार, आणि मेहुणा म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा!

एकदा ओहोटीनं दगा दिला. पाणी ओसरलं आणि होडी चिखलात रुतली. अंधार पडायच्या आत मेहुणा दोर घेऊन हजर!

"तू इथे कसा?" बगळा ओरडला.

"ताई म्हणाली, हे उत्तरेला जातो म्हणालेत, म्हणजे दक्षिणेलाच शोध."

जीव वाचल्याचा आनंद राहिला बाजूला. जागा फुटली म्हणून बगळ्याचा तिळपापड झाला. त्यानं नवी जागा हेरली आणि डोकं लढवलं. आता घरी खरंच सांगायचं!

पुढच्या खेपेला तो खरं सांगून गेला आणि पुन्हा रुतला. मेहुणा उलट्या बाजूला बोंबलत फिरला. शेवटी भरतीनंच होडी उचलली. डासांनी फोडून काढलेला बगळा घरी पोचला, तेव्हा बायको कडाडली, "खरं बोलणार होतात, तर आधी सांगायचं नाही का?"