थर्मासखालचं मांजर

रविवारी संध्याकाळी आमच्या शहरातल्या गोरखपुर मोहल्ल्यात, मराठी मंडळाच्या हॉलमध्ये गणपतीतलं कला प्रदर्शन होतं. तिथून आल्यापासून माझं डोकं तापलेलं आहे... बायको म्हणाली, एकदाचं लिहून टाक, म्हणजे घरात तरी शांतता राहील.

मी रिछाईच्या एका कारखान्यात नोकरी करतो. चित्रकला कुठे शिकलेलो नाही. पण माझी लेक अन्वी चौथीत आहे आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं डायनिंग टेबलवर वॉटरकलरचा पसारा मांडतो. जाडा कागद मधोमध कापायचा, अर्धा तिचा, अर्धा माझा. रंग सुकवायला बायकोचा हेअर ड्रायर पळवायचा आणि त्यावरून बोलणी दोघांनी मिळून खायची.

या वेळी मी नदीवरच्या ग्वारीघाटावर दुरुस्तीसाठी पालथ्या घालून ठेवलेल्या नावा काढल्या. अन्वीने आमच्या कांचघर भागातल्या घराचा कूलर काढला, आणि त्यावर झोपलेलं शेजाऱ्यांचं मांजर. मांजर तपकिरी हवं होतं. पण रंग मिसळला की तो जांभळाच व्हायचा... ट्यूबमधला तयार घे म्हटलं तर ऐकेना, मलाच बनवायचा आहे म्हणाली. शेवटी मांजर जांभळंच राहिलं.

दोन्ही चित्रं मी स्वतः वसंतकाकांच्या हातात नेऊन दिली. मंडळाचा कुठलाही कार्यक्रम असो, सगळी सूत्रं त्यांच्याकडे. एक माझं, एक अन्वीचं, हे तोंडाने सांगितलं. "अच्छा अच्छा, ठेवून दे," म्हणाले.

रविवारी हॉलमध्ये शिरलो तर माझ्या नावा भिंतीवर... बालविभागात. खाली चिठ्ठी, कु. अन्वी, इयत्ता चौथी. कूलर आणि मांजराचा कुठे पत्ताच नाही. अन्वी सगळ्या भिंती बघून आली आणि माझा हात धरून उभी राहिली.

मी तडक काकांना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "अरे बाप्पा, काहून तापून राहिला? एका लेकराचं एकच लावतो आपण. जे चांगलं होतं ते लावलं."

मी म्हटलं, पण ते मी काढलंय.

"ते समजते ना मला. सगळ्याच लेकरांचं आईबाप करून देतात. तू निदान चांगलं तरी केलं."

आणि हे त्यांनी कौतुक म्हणून सांगितलं, बरं का. मग मी भिंतीकडे नीट पाहिलं. दुसरीतल्या पोराचा पुठ्ठ्याचा किल्ला, एकेक बुरूज कटरने कापलेला. पहिलीतल्या मुलीचा कागदी पट्ट्या गुंडाळून केलेला क्विलिंगचा मोर, एक पट्टी इकडची तिकडे नाही. समोर ते आईबाप उभे, आणि बाजूला ज्यांच्या नावाने हे सगळं टांगलंय ती पोरं खुर्च्यांवरून उड्या मारत होती. कोणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं...

बरं, माझंच लावायचं होतं तर मोठ्यांच्या विभागात लावा ना. तर म्हणे, "महिला आहे, बाल आहे. पुरुषांना कोण चित्रं काढायला लावते?" म्हणजे मी मांडवाचे बांबू उचलावेत, वर्गणी मागत फिरावं, आणि ब्रश हातात धरला तर लेकीच्या नावामागे लपावं. वा रे न्याय.

आमचं बोलणं चालू असतानाच निकाल सुरू झाले. काका माइककडे गेले. बालविभाग, पहिला नंबर... अन्वी.

ती स्टेजवर गेली. काकांनी रंगांचा मोठा डबा पुढे केला, तसं ती माइकमध्ये तिच्या अर्ध्या हिंदी अर्ध्या मराठीत म्हणाली, "काका, ये तो पप्पा का है. माझं कूलरवालं आहे. ते कुठे आहे?"

काका हसले. "लाजून राहिली पोरगी," म्हणाले. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढंसं लेकरू सगळ्यांसमोर खरं बोलतंय आणि लोक टाळ्या वाजवतायत... माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अन्वीने डबा टेबलावर ठेवला आणि रिकाम्या हाताने खाली उतरली. त्या डब्यात तयार तपकिरीही असणार, हे तिलाही कळत होतं. तो क्षण मी जन्मात विसरणार नाही.

मग मी, बायको आणि अन्वी, तिघांनी हॉल पालथा घातला. चित्र सापडलं चहाच्या टेबलावर, थर्मासखाली. टेबल खराब होऊ नये म्हणून कोणीतरी घातलं होतं... जाडा कागद आहे ना. आकाशावर चहाची गोल वर्तुळं, कूलरचा निळा पसरलेला, मांजराच्या पाठीवरून चहाचा तपकिरी ओघळ. तिथे मी काकांना जे बोललो ते इथे लिहीत नाही. माझ्या नावा भिंतीवरून उतरवताना टेपने कोपरा फाटला, त्याचंही काही वाटलं नाही.

अन्वी मात्र चित्र हातात धरून बघत होती. मला वाटलं, आता रडणार आणि परत ब्रश हातात घेणार नाही. मला खरी भीती तीच होती.

तिने ओघळावर बोट फिरवलं. "पप्पा, मेरेको यही कलर चाहिए था."

सोमवारी शाळेतून आल्या आल्या तिने आईकडे दूध न घातलेला कडक चहा मागितला आणि आख्खं मांजर त्या चहाने रंगवलं. चित्र आता आमच्या बैठकीत टांगलंय, खाली तिच्याच अक्षरात तिचं नाव. शेजारी माझ्या कोपरा फाटलेल्या नावा, त्याखाली माझं.

देवाने मला ही लेक दिली, त्याचे आभार मानावेत तेवढे थोडे. पण थर्मास ठेवणाऱ्याचे मानणार नाही... कोणी कितीही सांगितलं तरी.