नणंदेचा एमआरआय

नणंदेनं माझ्याखालची खुर्ची काढून घेतली ती हळदीच्या मांडवात, गावभरच्या बायकांदेखत. माणसं म्हणतात झालं गेलं विसरून जावं. मी विसरत नाही.

पनवेलजवळच्या कोन गावात, माझ्या सासरी, हळदीच्या दिवशी बायका जमून लग्नघरच्या तांदळाच्या भाकऱ्या करतात. जमिनीवर बसायचं, पुढ्यात परात, शेजारी चूल. माझा उजवा गुडघा तेव्हा वर्षभर दुखत होता, मांडी घातली की आत कुणी पक्कड आवळतंय असं वाटायचं. म्हणून मी एक प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि लसूण सोलत बसले. नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, गावातच दिलेली आणि भाकऱ्यांच्या कामावरची मुकादम. तिनं मला उठवलं, खुर्ची मांडवाबाहेर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "एक्सरा साफ आलाय हिचा. नाटका करते. मोऱ्याच्या धक्क्यावर मासळीच्या टोपल्या उचलून मोठी झाली, आन् आता हिला खुर्ची पायजे!"

बायका हसल्या. मी खाली बसले आणि दुपारपर्यंत भाकऱ्या थापल्या. त्यानंतर कुठल्याही कार्याला गेले की कुणीतरी विचारायचंच, "खुर्ची देऊ का गो?"

एक्स-रे साफ होता हे खरंच होतं. नवीन पनवेलच्या हाडांच्या डॉक्टरांनी मला समजावलं, की एक्स-रेत हाडं दिसतात, हाडांच्या टोकांवरची कूर्चा दिसत नाही. ती बरीच झिजली, दोन हाडांमधली फट कमी झाली, की मग अंदाज येतो. एमआरआयमध्ये कूर्चाच दिसते. कुठं पातळ झाली, कुठं चिरली, ते कळतं. मी म्हटलं, काढा एमआरआय.

लोक मशीनमध्ये जाताना काही निघू नये म्हणून देवाचा धावा करतात. मी उलटा केला. गुडघ्याभोवती पिंजरा बसवला होता, कानावर ठकठक आदळत होती, पाय हलवायचा नव्हता, आणि मी मनात घोकत होते: निघू दे, चांगलं मोठं काहीतरी निघू दे. निघालं. आतल्या बाजूची कूर्चा निम्म्यावर आली होती. "ही परत भरून येत नाही," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. मला इतका आनंद झाला होता की त्यांनी ते दोनदा सांगितलं.

त्याच दिवशी मी फिल्म घेऊन नणंदेच्या दारात गेले. तिनं ती हातातसुद्धा धरली नाही. "फोटूत काय, काय बी दिसतंय," म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली.

काही महिन्यांनी तिचाच गुडघा पायरीवर अडकायला लागला. डॉक्टरांनी तिलाही एमआरआय सांगितला आणि मी आपणहून तिच्याबरोबर गेले. भावजय किती गुणाची, असं शेजारणी म्हणाल्या. माझ्या मनात काळं होतं. हिचा गुडघा ठणठणीत निघावा, आणि तो कागद तिच्यापुढं धरून मी म्हणावं, तुम्हाला काही झालेलं नाही, म्हणूनच तुमची जीभ चालते. मशीनमध्ये धातू चालत नाही, म्हणून तिची जोडवी साबण लावून काढावी लागली. आत जाताना तिनं माझं मनगट घट्ट धरलं. ती घाबरली होती आणि मला बरं वाटलं.

डॉक्टरांनी माझी फिल्म आणि तिची फिल्म शेजारी शेजारी लावल्या. माझ्या हाडावर राखाडी पट्टी होती, अर्धीमुर्धी का होईना. तिच्या हाडावर एका बाजूला पट्टीच नव्हती. हाडाला हाड लागलं होतं आणि हाडाच्या आत सुजेचा पांढरा डाग होता.

"किती वर्षं दुखतंय, आजी?"

"धा-बारा वर्सा झाली."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगून काय व्हनार?" मग ती माझ्याकडं वळली. तोंडावर हसू मावत नव्हतं. "बघ गो. माझा तुझ्यापक्षी जास्त हाय. मी कवा खुर्ची मागितली?"

म्हणजे जिंकली तीच. रिक्षात तिनं फिल्म मांडीवर आडवी धरली होती, आणि संध्याकाळपर्यंत आळीतल्या बायका ती खिडकीच्या उजेडात बघून जात होत्या. एवढं झिजलं तरी खाली बसते हो, असं एकमेकींना सांगत होत्या. मी घरी भांडी आपटत होते. हरले म्हणून नव्हे. तिला काही कळत नसतं तर मी एक वेळ सोडून दिलं असतं. पण त्या मांडवात मला नेमकं काय होत होतं, हे चाळीस बायकांत तिला एकटीला ठाऊक होतं, आणि खुर्ची तिनंच काढली.

यंदाच्या लग्नात मी उघड खुर्ची घेतली. आता कुणी चकार शब्द काढला नाही. ती मात्र डॉक्टरांनी बजावूनही जमिनीवर बसली आणि शेवटची भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत थापत राहिली. बायका उठून हात धुवायला गेल्या. ती बसूनच. एकदा तळवा टेकून बघितला, मग गुडघा सरळ करून बघितला, आणि माझ्याकडं न बघता पुटपुटली, "हात दे गो."

"काय म्हणालात, ताई?" मी मोठ्यानं विचारलं. नळावरच्या बायकांनी माना वळवल्या.

"हात दे. दुखतंय मला. उठता येत नाय."

सगळ्यांनी ऐकलं याची खात्री केली आणि मगच मी खुर्चीवरून उठले. तिचं वजन माझ्या उजव्या पायावर आलं, गुडघ्यातून कळ निघून मांडीपर्यंत गेली. मी तोंडातून हूं की चूं काढलं नाही.