पेटीवर पारखलेलं यंत्र

माझ्या मामांनी जन्मभर पत्र्याच्या पेट्या ठोकल्या. पेटी बरी की वाईट, हे ते बोटाने टकटक करून सांगायचे. त्या ठोकाठोकीत त्यांचे कान गेले. तरी घरात काही अडलं नाही, कारण मामीचा आवाज पत्र्यालाही भारी होता. मग मामीच्या घशाचं दुखणं निघालं आणि ऑपरेशननंतर तिच्याकडे नुसती कुजबुज उरली.

ती ऐकू यावी म्हणून मामांनी बाजारातून आवाज मोठा करणारं यंत्र आणलं. ते पारखलं कसं, तर कानात घालून पेटीवर हातोडी हाणली! ठोका खणखणीत ऐकू आला, स्वारी खूश. मामीला बोलायला लावून बघावं, हे काही सुचलं नाही.

घरी पंखा घोंघावायचा, भांडी कानठळ्या बसवायची, आणि मामीचे नुसते ओठ हलताना दिसायचे. मामांनी आवाज वाढवला की यंत्रच शीळ घालायचं. तिला वाईट वाटू नये म्हणून ते कशालाही हसून मान डोलावायचे. मामी बिचारी समजायची, यांना सगळं ऐकू येतं. असल्या प्रेमाचा मला अजून राग येतो.

शेवटी मीच त्यांना कान तपासणाऱ्या बाईंकडे नेलं. त्यांनी समजावलं, की मामांना जाड आवाज अजून ऐकू येतात, बारीक गेलेत, आणि कुजबुज म्हणजे सगळी बारीक आवाजांचीच. हे यंत्र सरसकट सगळंच वाढवतं, त्या दणक्याने उरलासुरला कानही जाईल. खरं श्रवणयंत्र कान तपासून त्याला बेतून देतात. जे गेलंय ते उचलून देतं, दणदणाट आवरतं.

ते नवं यंत्र आणायच्या सकाळी, दुखणं उलटून अंथरुणाला खिळलेली मामी त्यांचा हात धरून काहीतरी कुजबुजली. मामांनी हसून मान डोलावली आणि निघाले. मामीला एकटं टाकून खाली जाता येईना, म्हणून मी जिन्यापर्यंतच धावले, हाका मारल्या. पाठमोऱ्या मामांना त्या कुठून ऐकू येणार? मामी दाराकडे बघत राहिली.

मामा परतले ते यंत्र कानात घालूनच. जिन्यातच त्यांना आमचं रडणं ऐकू आलं.

पुढे एकदा त्यांनी विचारलं, "त्या सकाळी ती काय म्हणाली गं? तू तिथंच होतीस."

खोटं बोलायला माझी जीभ रेटेना. "म्हणाली, आज जाऊ नका. जवळ बसा."

मामांनी कानातलं यंत्र चाचपलं. "म्हणजे तिला वाटलं, मी हो म्हणूनही निघून गेलो."

मी अगदी हळू 'नाही' म्हटलं. ते त्यांना स्पष्ट ऐकू आलं. या खेपेला त्यांनी मान डोलावली नाही.